अनिश्चितता नकोशी वाटणाऱ्याला माहितीची किंमत जास्तच वाटते का?

सांख्यिकीवाली

नमस्कार मंडळी,

मी पदव्युत्तर वर्गाला निर्णय सिद्धांत शिकवते. सध्या माहितीच्या मूल्याचा भाग चालू आहे. निर्णय घेण्याआधी एखादी गोष्ट कळावी म्हणून माणसाने जास्तीत जास्त किती मोजावं, हा त्यातला प्रश्न. तास संपता संपता एका मुलीने विचारलं, "मॅडम, ज्याला अनिश्चितता सोसत नाही तो माहितीसाठी जास्त मोजणारच ना? जोखमीची नावड वाढली की माहितीची किंमत वाढते, असं लिहून घेऊ का?" अख्ख्या वर्गाला ते पटलेलं दिसत होतं. ऐकायला इतकं रास्त वाटतं की सिद्धता मागायचंही कुणाच्या मनात येत नाही. मी म्हटलं, लिहून घेण्याआधी एक गणित करून बघू.

गणित असं. समोर एक प्रस्ताव आहे. निम्मी शक्यता १०० एकक मिळण्याची, निम्मी ५० एकक गमावण्याची. घ्या किंवा सोडा. सोडलात तर शून्य. आता कुणी तरी निर्णयाआधी निकाल अचूक सांगायला तयार आहे. त्याला जास्तीत जास्त किती द्याल?

ज्याला जोखमीचं काहीच वाटत नाही, तो सरासरी बघतो. माहितीशिवाय प्रस्ताव घेतला तर सरासरी २५. माहिती असेल तर चांगल्या वेळी १०० आणि वाईट वेळी शून्य, सरासरी ५०. म्हणून तो २५ पर्यंत मोजेल.

आता जोखीम नको असणारा घेऊ. उपयोगितेसाठी (म्हणजे एखादी रक्कम माणसाला किती मोलाची वाटते त्याच्या मापासाठी) नेहमीचं घातांकी फल वापरलं, म्हणजे आधी खिशात किती आहे याचा परिणाम मध्ये येत नाही आणि माहितीची किंमत साध्या वजाबाकीने मिळते. त्यात 'र' म्हणजे जोखीम पेलण्याची ताकद. र लहान, तर नावड मोठी. मला आलेली उत्तरं: र २०० असताना माहितीची किंमत ३२.६, र १०० असताना ३८.०. इथपर्यंत त्या मुलीचं म्हणणं अगदी चोख. पण र ५० केला की किंमत २८.३ वर उतरते आणि र २० ला १३.७ वर. म्हणजे सर्वांत घाबरणारा माणूस, जोखमीचं काहीच न वाटणाऱ्यापेक्षाही कमी मोजायला तयार होतो!

आकडे पुन्हा पुन्हा तपासलेत. माझा प्रश्न आकड्यांपुढचा आहे. हे असं का होतं ते मुलांना एका वाक्यात पोचेल असं कसं सांगायचं? दोन माणसं किंवा दोन माहितीस्रोत यांची तुलना करायचा काही सार्वत्रिक नियम आहे का? आणि संभाव्यताच ठाऊक नसते, एल्सबर्गच्या पेटीसारखी परिस्थिती असते, तेव्हा यातलं काय टिकतं? वर्गात नियम म्हणून मी जे सांगेन ते ही मुलं पुढे कामात वापरणार आहेत, कुणी औषधांच्या चाचण्यांत, कुणी विम्यात. म्हणून मला हे अर्धवट ठेवायचं नाहीये.

विमागणिती

ताई, आकडे ताडून पाहिले. सगळे बरोबर आहेत. मी आयुष्यभर विम्याची गणितं केली, तेव्हा हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: माहिती न घेता तो माणूस काय करेल? र २०० वाल्याला प्रस्ताव बिनमाहितीचाही ११.३ एककांच्या खात्रीच्या रकमेइतका वाटतो. तो घेणारच. र १०० वाल्याला तोच प्रस्ताव उणे ०.८ वाटतो. तो जेमतेम सोडतो. र ५० आणि २० वाले तर सरळ पाठ फिरवतात. तुमच्या किमतीचं शिखर नेमकं तिथे आहे जिथे माणसाला घेणं आणि सोडणं सारखंच वाटतं. समीकरण सोडवून पाहा. ५० भागिले र, याचा ई-घात 'य' धरला तर य³ − २य² + १ = ० असं येतं. त्यातलं य = १ सोडून दिलं की उरतं सुवर्ण गुणोत्तर, १.६१८! र निघतो १०३.९ आणि तिथे माहितीची किंमत ३८.४. इतक्या साध्या प्रस्तावातून हा आकडा बाहेर आला तेव्हा मला फार आनंद झाला.

आता कारण. जो प्रस्ताव घेणारच होता, त्याला माहिती ५० च्या फटक्यापासून वाचवते. त्याची नावड जितकी मोठी तितका तो फटका त्याला जास्त लागणारा, म्हणून वाचवणाऱ्या माहितीची किंमतही जास्त. इथवर वर्गाचं म्हणणं खरं. पण उंबरठा ओलांडला की माणूस प्रस्ताव घेतच नाही. त्याला फटका बसणारच नव्हता, तर वाचवणार कशापासून? माहिती आता त्याला एवढंच देते की निकाल चांगला असेल तर १०० मिळवता येतील. आणि त्यासाठीची फी मात्र त्याला दोन्ही वेळी भरायची आहे. निम्म्या वेळी फी भरून हाती काही नाही. म्हणजे शून्यावर सुखाने बसलेल्या माणसासाठी माहिती विकत घेणं हीच एक पैज आहे, आणि पैज तर त्याला नकोच असते. नावड वाढेल तशी तो या पैजेची किंमतही पाडत जाणार.

तुम्हाला एक वाक्य हवं होतं. मी मुलांना विचारायला सांगेन: "ही बातमी आली नसती तर तू काय केलं असतंस?" तेवढं माहीत नसेल तर नुसत्या नावडीवरून किमतीबद्दल काहीही बोलता येत नाही.

हे नवं नाही. रायफा आणि श्लाइफर यांनी १९६१ मध्ये माहितीच्या अपेक्षित मूल्याची पद्धतशीर मांडणी केली, हॉवर्ड यांचा त्यावरचा प्रसिद्ध लेख १९६६ चा. जोखमीच्या नावडीचं आज वापरतो ते माप प्रॅट यांच्या १९६४ च्या लेखात आहे (अ‍ॅरो यांनीही स्वतंत्रपणे तेच मांडलं). आणि हिल्टन यांनी १९८१ मध्ये स्पष्ट करून टाकलं की नावड आणि माहितीची किंमत यांच्यात एकाच दिशेने जाणारं सर्वसाधारण नातं नाही. तरीही तो समज टिकून आहे, कारण 'अनिश्चितता नको' आणि 'माहिती हवी' ही दोन्ही वाक्यं बोलताना एकच वाटतात.

तिसरा पर्याय

काकांचा प्रतिसाद उत्तम. स्रोतांच्या तुलनेबद्दल मी लिहिते.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन तुलना एकत्र आल्यात. माहिती एकच आणि माणसं दोन, ही काकांनी सोडवली. माणूस एकच आणि स्रोत दोन, ही वेगळी. तिथे एक फार सुंदर नियम आहे. ब्लॅकवेल यांनी १९५१ आणि १९५३ च्या लेखांत सिद्ध केलं की पहिला स्रोत दुसऱ्यापेक्षा प्रत्येक निर्णयकर्त्याला, प्रत्येक प्रश्नात, निदान तितकाच उपयोगी असेल तर आणि तरच दुसरा स्रोत हा पहिल्याचा गढूळ केलेला अवतार असतो. गढूळ म्हणजे काय, तर पहिल्याचा अहवाल घ्यायचा आणि खऱ्या परिस्थितीकडे न बघता त्यात यादृच्छिक गोंधळ मिसळायचा.

उदाहरण घ्या. एक चाचणी दोष असताना ९० टक्के वेळा 'आहे' म्हणते आणि नसताना ६० टक्के वेळा 'नाही' म्हणते. तिचे अहवाल कुणी तरी १० टक्के वेळा आंधळेपणाने उलटे करून पाठवले, तर ९० चे ८२ होतात आणि ६० चे ५८. ही नवी चाचणी कुणालाच जास्त आवडू शकत नाही, मग तो धाडसी असो की भित्रा. कारण ज्याच्याकडे मूळ चाचणी आहे तो स्वतःच अहवाल उलटे करून ही दुसरी बनवू शकतो. सिद्धतेचा सोपा अर्धा भाग इतकाच आहे. अवघड भाग उलट दिशेचा.

पण बहुतेक चाचण्या अशा एका रांगेत बसत नाहीत. आता वरची ९० आणि ६० वाली चाचणी आणि तिच्यासमोर ६० आणि ९० वाली दुसरी. दोष असण्याची शक्यता निम्मी धरू. दोष निसटला तर तोटा ३, उगाच धोक्याची घंटा वाजवली तर तोटा १. माहिती नसेल तर सरसकट घंटा वाजवणं बरं, तोटा ०.५. पहिल्या चाचणीने तोटा ०.३५ वर येतो, किंमत ०.१५. दुसरीचं ऐकलं तर तोटा ०.६५! म्हणजे तिचं न ऐकलेलंच बरं, किंमत शून्य. आता तोटे अदलाबदल करा, निसटण्याचा १ आणि खोट्या घंटेचा ३. पहिलीची किंमत शून्य होते आणि दुसरीची ०.१५. चाचण्या त्याच, संभाव्यता त्याच, फक्त कशाची धास्ती आहे ते बदललं आणि क्रम उलटला.

म्हणून 'कोणती चाचणी जास्त माहिती देते' असं कुणी मोघम विचारलं की मला राहवत नाही. मी आधी विचारते, कुणासाठी आणि कशासाठी?

एका कोपऱ्यात मात्र नेमका आकडा सापडतो. केली यांनी १९५६ मध्ये दाखवलं की लॉगरिदम उपयोगिता असलेला, म्हणजे संपत्तीच्या दीर्घकालीन वाढीवर नजर ठेवणारा, पैज खेळत असेल तर त्याच्या वाढीच्या दरात माहितीमुळे पडणारी भर ही शॅनन यांच्या परस्पर-माहितीच्या मापाइतकीच (टीप ऐकून निकालाबद्दलची अनिश्चितता किती घटते, त्या मापाइतकीच) असते. सरळ नाणं, दामदुप्पट पैज, ९० टक्के खरी ठरणारी टीप. तर प्रत्येक फेरीला भांडवलाचा ८० टक्के भाग लावायचा, आणि भर पडते ०.५३१ बिट. माहितीचं एंट्रॉपीचं, म्हणजे अनिश्चितता मोजणारं, माप आणि पैशातली किंमत इथे एक होतात. काब्रालेस, गॉसनर आणि सेरानो यांनी २०१३ मध्ये हा धागा पुढे नेला. दिवाळखोरी कुठल्याही किमतीत नको असणाऱ्या गुंतवणूकदारांसाठी एंट्रॉपीवर आधारलेला एक पूर्ण क्रम लावता येतो, असं त्यांनी दाखवलं. पण तो त्या चौकटीपुरता. कुणी एंट्रॉपीला माहितीचं सार्वत्रिक मोल म्हणून विकायला लागलं तर सावध व्हावं.

सांख्यिकीवाली

काका, 'माहिती विकत घेणं हीच एक पैज' हे वाचलं आणि तक्ता डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. य चं समीकरण उद्याच फळ्यावर लिहिणार. आणि तिसरा पर्याय, तुमचं ०.१५ आणि शून्याचं उदाहरण मी जसंच्या तसं वापरलं तर चालेल ना?

एल्सबर्गचं अजून राहिलंय. १९६१ च्या त्या प्रयोगात ९० चेंडू, ३० लाल, उरलेले ६० काळे किंवा पिवळे, पण कुठले किती ते सांगितलेलं नाही. लोक ठाऊक असलेली शक्यता पसंत करतात आणि संदिग्ध शक्यतेपासून लांब राहतात. अशा माणसाला माहितीचा जास्त उपयोग होईल असं मला अजूनही वाटतंय, कारण त्याला तर संभाव्यताच हवी आहे.

रातपाळी

हाडाचा प्रश्न विचारलात. डॉक्टरेटची माझी सगळी वर्षं याच्याभोवती गेली आहेत, तेव्हा लांबण लागली तर समजून घ्या.

संदिग्धता न आवडणाऱ्याचं सर्वांत वापरलं जाणारं प्रारूप गिल्बोआ आणि श्माइडलर यांचं, १९८९. माणसाच्या मनात एकच संभाव्यता नसते, अनेकांचा संच असतो, आणि तो प्रत्येक पर्याय त्या संचातली वाईटात वाईट संभाव्यता धरून जोखतो. आता दोन नाणी घ्या. पहिलं नाणं नक्की सरळ आहे. दुसरं कसं आहे याची कुणालाच कल्पना नाही, छाप पडण्याची शक्यता ० ते १ मध्ये कुठेही. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र उडवली, निकाल झाकलेले. तुमच्यापुढे दोन पर्याय: पहिल्या नाण्यावर छाप असेल तर १ एकक, नाही तर शून्य, किंवा खात्रीचे ०.४.

माहिती नसताना पहिल्याची शक्यता चोख निम्मी, दुसऱ्या नाण्याचा संबंधच नाही. ०.५ मोठं, पैज घ्यायची.

आता एक खरं बोलणारा माणूस फुकटात सांगतो, "दोन्ही नाण्यांवर सारखंच पडलंय." हे ऐकल्यावर पहिल्यावर छाप असण्याची शक्यता किती? हिशेब केला तर ती दुसऱ्या नाण्याच्या छापेच्या शक्यतेइतकी येते. म्हणजे ० ते १ मध्ये काहीही! वाईटात वाईट शून्य, म्हणून पैज सोडायची आणि ०.४ घ्यायचे. बरं, तो "वेगवेगळं पडलंय" म्हणाला तर? तेव्हाही ० ते १. पुन्हा ०.४. म्हणजे काहीही ऐकलं तरी तो ०.५ सोडून ०.४ कडे वळणार, आणि हे त्याला आधीच ठाऊक आहे. त्या सांगणाऱ्याने गप्प राहावं म्हणून तो ०.१ पर्यंत मोजायला तयार होईल. खरी, फुकट, अचूक माहिती, आणि तिची किंमत ऋण. नेमकी संभाव्यता माहिती येताच अशी फाकते याला डायलेशन म्हणतात. सायडेनफेल्ड आणि वॉसरमन यांचा १९९३ चा लेख या विषयावरचा पायाच आहे.

एकच संभाव्यता धरून चालणाऱ्याच्या बाबतीत हे होऊच शकत नाही. फुकट माहिती त्याचं नुकसान करत नाही, हे गुड यांनी १९६७ मध्ये दोन-चार ओळींत सिद्ध केलंय. 'जास्त माहिती केव्हाही चांगली' या समजाचं मूळ त्या सिद्धतेत आहे आणि ती इथे कोसळते. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा खूप अस्वस्थ व्हायला झालं होतं. इतकं की विषय हाच घ्यायचा हे तिथेच ठरलं.

विमागणिती

उदाहरण अप्रतिम आहे, पण निष्कर्षाला माझी हरकत आहे. त्या माणसाने आधीच ठरवून ठेवलं, "काहीही ऐकलं तरी पैज घेणार", तर त्याला ०.५ मिळतातच. ही योजना त्याच्या हातात होती. म्हणजे तोटा माहितीने केला नाही. ऐकल्यावर मन बदलण्याच्या त्याच्या रीतीने केला. विम्यात आम्ही करार आधी बांधतो ते याचसाठी!

रातपाळी

काका, बरोबर बोट ठेवलंत. सगळा वाद इथेच आहे. योजना आधी बांधून घेता येते की नाही, यावर उत्तर पूर्ण फिरतं.

बांधून घेता येत असेल तर ब्लॅकवेल यांचा क्रम टिकतो. ली आणि झोउ यांनी २०१६ मध्ये हे अनिश्चितता टाळणाऱ्या पसंतींच्या फार मोठ्या कुटुंबासाठी सिद्ध केलं. गिल्बोआ-श्माइडलर हे त्यातलं एक घर. तिथे गढूळ स्रोत कुणालाच जास्त मोलाचा नाही आणि माहितीची किंमत कधी ऋण नाही. आमच्या दोन नाण्यांत ती शून्य येते, ऋण येत नाही.

यातही एक बारकावा आहे जो मला फार आवडतो. माणसाला स्वतः नाणेफेक करून पर्याय निवडायची मुभा हवी. का ते बघा. एल्सबर्गच्या पेटीत फक्त काळ्यावर किंवा पिवळ्यावर पैज लावायची आहे. काळ्यावर लावली तर वाईटात वाईट शून्य, पिवळ्यावर लावली तरी शून्य. पण सरळ नाणं उडवून ठरवलं तर, काळे कितीही असोत, आधीपासून बघता जिंकण्याची शक्यता बरोबर एक तृतीयांश. पेटीबद्दल काडीचीही माहिती न देणारं नाणं त्याला एक तृतीयांश मिळवून देतं! (एल्सबर्ग यांच्या लेखावर रायफा यांनी त्याच वर्षी घेतलेली हरकत नाणेफेकीचीच होती.) आता स्वतः नाणेफेक करायला बंदी असेल, तर गढूळ स्रोतातला गोंधळच नाणेफेकीचं काम करेल, आणि गढूळ स्रोत स्वच्छ स्रोतापेक्षा मोलाचा ठरेल. एकच संभाव्यता धरणाऱ्याला नाणेफेकीचा काडीचा उपयोग नसतो, म्हणून मूळ सिद्धांत शिकवताना ही अट कुणाच्या लक्षातही येत नाही.

बांधून घेता येत नसेल तर मात्र दोनच वाटा. एक, एपस्टाइन आणि श्नायडर यांनी २००३ मध्ये दाखवली तशी, संभाव्यतांचा संच मुळातच असा निवडायचा की आज केलेली योजना उद्याही पटेल. दुसरी, फाकणं मान्य करायचं आणि माहितीची ऋण किंमतही मान्य करायची. मी दुसऱ्या वाटेवरची आहे, कारण खरी माणसं तशी वागतात असं मला मनापासून वाटतं. करारावर सही केलेला विमेदार योजनेला बांधलेला असतो. दवाखान्यात अहवाल हातात घेऊन बसलेला माणूस बांधलेला नसतो.

अंगणातली जाई

मी गणितातली नाही, समुपदेशक आहे. धागा पूर्ण वाचला, कळला तेवढा कळला. पण दवाखान्याचा उल्लेख आला म्हणून लिहिते. हंटिंग्टनच्या आजाराचा (मेंदूचा एक आनुवंशिक आजार) जनुक १९९३ मध्ये सापडला. आई किंवा वडिलांना तो आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी रक्ताच्या चाचणीने कळू शकतं. तरी खूप लोक चाचणी करून घेत नाहीत. त्यांना संभाव्यता नीट ठाऊक असते, निम्मी म्हणजे निम्मी. त्यांना 'घाबरट' म्हणू नका एवढीच विनंती. कळल्यानंतरचं रोजचं जगणं बदलतं, आणि त्यावर आजार थांबवणारा उपाय नाही. तुमच्या हिशेबात ही माणसं कुठे बसतात?

सांख्यिकीवाली

जाई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. त्यांना घाबरट म्हणायचं माझ्या तरी मनात येणार नाही. माझ्या तक्त्यात माहितीची किंमत ठरते ती फक्त पुढच्या कृतीतून. कळण्यानं पुढचं काहीच बदलणार नसेल तर माझं गणित 'शून्य' म्हणतं आणि थांबतं. कळण्याचं स्वतःचं ओझं किंवा सुटका त्यात धरलेलीच नाही. क्रेप्स आणि पोर्टियस यांनी १९७८ मध्ये अनिश्चितता केव्हा सुटते याचीही पसंती असू शकते हे प्रारूपात आणलं, आणि केप्लिन व लीही यांनी २००१ मध्ये धास्तीसारख्या भावना थेट उपयोगितेत घातल्या. तुमची माणसं तिथे बसतात, आणि तिथे 'नको कळायला' हा पूर्ण विचारी निर्णय असू शकतो. एल्सबर्गसाठी घातलेला संभाव्यतांचा संच त्यासाठी लागत नाही. कारणं वेगळी आहेत हे वर्गात मी ठासून सांगणार. कारण उपाय वेगळे निघतात: एकाला योजना बांधून द्यायला हवी, दुसऱ्याला न कळण्याचा हक्क.

विमागणिती

जाईताईंच्या मुद्द्याला जोडून माझ्या धंद्यातलं एक सांगतो. हर्शलायफर, १९७१. दोन माणसं, दोघांपैकी नेमकं एकाचं १०० एककांचं नुकसान होणार, कुणाचं ते माहीत नाही. आधी करार केला तर दोघेही ५० चा भार उचलून निवांत. आता कराराच्या आधीच सगळ्यांना जाहीर झालं की नुकसान कुणाचं. ज्याचं नुकसान होणार नाही तो करार कशाला करेल? विमा नाहीसा. जाहीर होण्याआधीच्या क्षणाला उभं राहून पाहिलं तर दोघंही त्या माहितीमुळे वाईट अवस्थेत गेले. दोघंही एकेक माणूस म्हणून ब्लॅकवेल यांच्या नियमात बसणारे, कुणाला संदिग्धतेची नावड नाही. माहिती एकट्याची आहे की सर्वांची, हा रकानाही तक्त्यात हवा. अनुवंशिक चाचण्यांचे निकाल विमा कंपन्यांना द्यावेत का, हा वाद याच गणितावर उभा आहे, आणि मी ठामपणे 'देऊ नयेत' या बाजूचा आहे.

सांख्यिकीवाली

काका, हा रकाना घेतला. रातपाळी, एक शेवटचं. तुमच्या दोन नाण्यांच्या उदाहरणात सांगणारा माणूस कधी कधी चुकत असेल तर? उदाहरणार्थ ७० टक्के वेळाच खरं सांगतो. चूक आंधळी, म्हणजे ब्लॅकवेल यांच्या अर्थाने गढूळ. योजना आधी बांधता येत नाही असंच धरा. माझा अंदाज आहे की त्याला हा गढूळ निरोप कमी नकोसा वाटेल, पण किती गढूळ झाला की चालेल ते मला हवंय.

रातपाळी

करून बघितलं. निरोप ७० टक्के खरा असेल तर "सारखं" ऐकल्यावर पहिल्या नाण्याच्या छापेची शक्यता ०.३ ते ०.७ मध्ये येते. "वेगवेगळं" ऐकल्यावरही तीच पट्टी. वाईटात वाईट ०.३, खात्रीच्या ०.४ पेक्षा कमी. म्हणजे पैज अजूनही सुटते आणि नुकसान पूर्ण ०.१ चं, तसूभरही कमी नाही. निरोपाची अचूकता 'अ' धरली तर खालचं टोक १ − अ असतं (अ निम्म्याहून जास्त धरून). ते ०.४ च्या खाली गेलं की पैज सुटते. म्हणून ६० टक्क्यांपर्यंतचा निरोप निरुपद्रवी, किंमत शून्य. ६० च्या वर गेल्याबरोबर किंमत एकदम उणे ०.१, आणि १०० टक्क्यांपर्यंत तिथेच. मध्ये उतार नाही, पायरी आहे. त्यामुळे ६० टक्केवाला गढूळ निरोप या माणसाला १०० टक्केवाल्यापेक्षा सरळ सरळ जास्त मोलाचा. खात्रीची रक्कम ०.४ ऐवजी ०.४५ केलीत तर पायरी ५५ टक्क्यांवर सरकते आणि तिची उंची निम्मी होते. मुलांना तीन-चार वेगळ्या रकमा देऊन पायरी कुठे येते ते शोधायला सांगा, हातानेच सुटतं.